जुने संगणक शाळेत पोहोचले. मग ‘परिणाम’ कसा मोजायचा?

शिक्षणशास्त्र, अर्थशास्त्र किंवा समाजकार्य या विषयांत पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांच्या प्रस्तावांत एक शीर्षक वरचेवर दिसतं : ‘शाळांना मिळालेल्या संगणकांचा विद्यार्थ्यांच्या शिक्षणावर होणारा परिणाम’. विषय चांगला आहे. कंपन्या, बँका, सरकारी कार्यालयं दर काही वर्षांनी संगणक बदलतात. जुने पण चालू स्थितीतले संगणक गरीब शाळांना द्यावेत, ही कल्पना कोणालाही पटेल अशीच आहे.

पण या शीर्षकातला ‘परिणाम’ हा शब्द फार फसवा आहे. संगणक शाळेत आले, हा परिणाम? मुलं ते वापरू लागली, हा परिणाम? की मुलांना भाषा आणि गणित पूर्वीपेक्षा चांगलं येऊ लागलं, हा परिणाम? तिन्ही प्रश्न वेगळे आहेत, त्यांना लागणारी माहिती वेगळी आहे आणि उत्तरंही वेगळी निघू शकतात.

आज आपण कोलंबिया देशातला एक अभ्यास सावकाश उलगडून बघू. वापरलेले संगणक दान म्हणून घेऊन शाळांना देणाऱ्या कार्यक्रमाची त्यात काटेकोर तपासणी झाली आणि उत्तर जवळपास शून्य आलं. हे शून्य कसं वाचायचं, तेवढंच आज शिकायचं आहे.

कार्यक्रम काय होता?

दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात २००० साली ‘कॉम्प्युतादोरेस पारा एदुकार’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘शिकवण्यासाठी संगणक’. नमुना कॅनडाचा होता. तिथे १९९३ पासून कार्यालयांतले जुने संगणक दुरुस्त करून शाळांना दिले जात होते. कोलंबियातही तीच पद्धत ठरली. कंपन्या आणि सरकारी खाती जुने संगणक देणार, कार्यशाळेत ते तपासून पुन्हा चालू केले जाणार आणि मग सरकारी शाळांत बसवले जाणार.

संगणक ठेवून निघून जायचं, असा प्रकार नव्हता. शिक्षकांना प्रशिक्षणही दिलं गेलं. अभ्यास झाला त्या वेळी उद्देशही स्पष्ट होता : भाषा शिकवताना, म्हणजे स्पॅनिशच्या तासाला, संगणक वापरले जावेत. यंत्र आहे, प्रशिक्षण आहे, उद्देश आहे. कागदावर या योजनेत खोट काढणं अवघडच.

नुसती तुलना का चालत नाही?

समजा, हा परिणाम तुम्हाला मोजायचा आहे. पहिल्यांदा सुचतं ते असं : संगणक मिळालेल्या काही शाळा घ्या, न मिळालेल्या काही घ्या, दोन्हीकडच्या मुलांचे गुण काढा आणि फरक बघा.

यात अडचण अशी की संगणक कोणत्या शाळांना मिळतात, हे सहसा योगायोगाने ठरत नाही. जिथले मुख्याध्यापक धडपडे आहेत, जिथे वीज आहे, रिकामी खोली आहे, पालक जागरूक आहेत, त्या शाळा अर्ज करतात आणि त्यांना संगणक मिळतात. या शाळांतल्या मुलांचे गुण संगणकाशिवायही थोडे जास्तच असते. मग जो फरक दिसतो, तो संगणकाचा की मुख्याध्यापकांचा? सांगता येत नाही. संशोधनाच्या भाषेत याला निवड-पूर्वग्रह म्हणतात, म्हणजेच सिलेक्शन बायस.

‘आधी आणि नंतर’ अशी तुलना केली तरी सुटका नाही. दोन वर्षांत मुलं मोठी होतात, नवा शिक्षक येतो, अभ्यासक्रम बदलतो. गुण वाढले तर श्रेय कोणाला द्यायचं?

यावरचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. पात्र शाळांची यादी करायची आणि कोणाला आता संगणक मिळतील, कोणाला नाही, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवायचं. मग दोन्ही गटांत धडपडे मुख्याध्यापकही सारखेच वाटले जातात आणि आळशीही. सुरुवातीला दोन्ही गट सरासरीने सारखे असल्यामुळे नंतर दिसणारा फरक कार्यक्रमाचाच, असं म्हणायला आधार मिळतो. फेलिपे बरेरा-ओसोरिओ आणि ली लिंडन या दोन अर्थतज्ज्ञांनी कोलंबियात हेच केलं. ९७ शाळा, ५,२०१ मुलं आणि दोन वर्षांचा काळ. जागतिक बँकेने २००९ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

नमुना ५,२०१चा की ९७चा?

प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. ‘माझा नमुना पाच हजारांचा आहे’ असं वाक्य भारदस्त वाटतं, पण इथे चिठ्ठ्या मुलांच्या नावाने टाकलेल्या नाहीत, शाळांच्या नावाने टाकलेल्या आहेत. एका शाळेतली मुलं एकाच गावातली, एकाच शिक्षकाच्या हाताखालची. त्यांच्या गुणांत साम्य असतंच. त्यामुळे त्याच शाळेतलं ५४वं मूल तपासलं तर नवी माहिती फार थोडी मिळते.

हे आकड्यात बघू. सूत्र सोपं आहे : १ + (एका शाळेतली मुलं − १) × शाळेतल्या मुलांमधलं साम्य. ९७ शाळांत ५,२०१ मुलं, म्हणजे एका शाळेत सरासरी ५४. साम्याचा आकडा उदाहरणापुरता ०.२ धरू. मग १ + ५३ × ०.२ = ११.६. आता ५,२०१ला ११.६ने भागा, उत्तर येतं साधारण ४४८. म्हणजे ही पाच हजार मुलं, सुटी-सुटी निवडलेल्या साडेचारशे मुलांइतकीच माहिती देतात. ०.२ हा आकडा मी समजावण्यासाठी घेतला आहे. तुमच्या अभ्यासात तो आधीच्या परीक्षांच्या माहितीवरून काढावा लागेल. पण धडा पक्का आहे : वाटप शाळानिहाय असेल तर मुलं वाढवण्यापेक्षा शाळा वाढवा.

उत्तर : जवळपास शून्य

दोन वर्षांनंतर मुलांच्या चाचण्या घेतल्या गेल्या. संगणक मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांतल्या मुलांच्या गुणांत दखल घ्यावी असा फरक जवळजवळ नव्हता. इयत्तेनुसार, विषयानुसार, मुलगे-मुली असं वेगळं काढून बघितलं, तरी चित्र तेच राहिलं.

आता इथे घाई होते. काहींना वाटतं, ‘बघा, शिक्षणात संगणकाचा उपयोग नाही.’ दुसऱ्या काहींना वाटतं, ‘अभ्यासातच काहीतरी चुकलं असणार.’ पण शून्याचे निदान तीन अर्थ होऊ शकतात.

पहिला अर्थ : संगणक ठरल्याप्रमाणे वापरले गेले आणि तरीही त्याने भाषा सुधारत नाही.

दुसरा अर्थ : परिणाम होता, पण लहान होता आणि अभ्यासाची नजर तेवढी तीक्ष्ण नव्हती. हे तपासायला विश्वासांतर, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल, बघावं लागतं. ते अरुंद असेल तर ‘मोठा परिणाम नाही’ असं ठामपणे म्हणता येतं. रुंद असेल तर ‘सांगता येत नाही’ एवढंच म्हणता येतं. ‘परिणाम नाही’ आणि ‘परिणाम आहे की नाही ते कळलं नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. मौखिक परीक्षेत हा फरक हमखास विचारतात.

तिसरा अर्थ : ज्याचा परिणाम मोजायचा होता, ती गोष्ट घडलीच नाही.

यातला कोणता अर्थ खरा, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही. त्यासाठी वर्गात काय चाललं आहे याची माहिती लागते. बरेरा-ओसोरिओ आणि लिंडन यांनी ती गोळा केली होती. शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही त्यांनी संगणकाच्या वापराबद्दल विचारलं होतं. उत्तरांवरून दिसलं की शाळांतले संगणक वाढले, प्रशिक्षणही झालं, पण शिक्षकांनी संगणक आपल्या शिकवण्यात आणले नाहीत. ते मुख्यतः संगणक कसा हाताळायचा हे शिकवण्यासाठीच वापरले गेले. स्पॅनिशचा तास पूर्वीसारखाच खडू-फळ्यावर चालू राहिला.

म्हणजे शून्याला तिसऱ्या अर्थाचा भक्कम आधार मिळाला. ही माहिती घेतली नसती, तर त्याच शून्याचा अर्थ कोणीही आपल्याला हवा तसा लावला असता.

साखळी आधी कागदावर काढा

दान केलेल्या संगणकापासून मुलाच्या वाचनापर्यंत एक लांब साखळी असते. कंपनीने संगणक दिला. तो दुरुस्त होऊन चालू झाला. शाळेत पोहोचला. तिथे वीज आणि जागा मिळाली. शिक्षकाला तो चालवता आला. शिक्षकाने तो आपल्या विषयाच्या तासाला वापरला. मुलाला प्रत्यक्ष हाताळायला पुरेसा वेळ मिळाला. पडद्यावर जे होतं, ते त्या मुलाच्या पातळीचं होतं. आणि या सगळ्यानंतर मूल काहीतरी नवं शिकलं.

यातल्या पहिल्या तीन कड्या मोजणं सोपं आहे. म्हणूनच अहवालांत त्याच छापून येतात : इतके संगणक, इतक्या शाळा, इतके लाभार्थी. ही झाली पोहोच. शिकणं शेवटच्या कडीत आहे. मधली एक कडी तुटली, तरी पोहोच पूर्ण आणि शिकणं शून्य, असं होऊ शकतं. कोलंबियात सहावी कडी तुटली.

आपल्या शेजारचं एक उदाहरण याच्या जोडीला ठेवू. गुजरात सरकारने २००० साली वडोदऱ्यातल्या महापालिकेच्या बहुतेक प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. हे संगणक दानाचे नव्हते, सरकारी वाटपाचे होते. पण साखळी तीच. दोन वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा ते चालवणारं कोणी नसल्यामुळे बरेचसे खोक्यांतच पडून असल्याचं दिसलं. म्हणजे इथे साखळी पाचव्या कडीलाच तुटली होती.

मग मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने तेच संगणक वापरून चौथीच्या मुलांसाठी कार्यक्रम आखला. दर आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुलं आणि गणिताचे खेळ, जे मुलाच्या पातळीप्रमाणे सोपे-अवघड होत. मदतीला वस्तीतलेच, थोडं प्रशिक्षण दिलेले तरुण. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि वर उल्लेख आलेले ली लिंडन यांनी त्याचा यादृच्छिक अभ्यास केला. २००७च्या त्यांच्या शोधनिबंधात दुसऱ्या वर्षाअखेर गणिताचे गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढल्याचं दिसतं.

०.४७ म्हणजे किती? शंभर मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी केली आणि मधलं, पन्नासावं मूल घेतलं, तर ते साधारण अडुसष्टाव्या जागी जाईल, इतकी ही वाढ. शिक्षणातल्या कार्यक्रमांच्या मानाने ती मोठी आहे. पण पुढचं वाक्यही वाचा : कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभराने मोजलं तेव्हा ही आघाडी ०.१०च्या आसपास उतरली होती. त्यामुळे आपल्या प्रस्तावात ‘केव्हा मोजणार’ हेही लिहावं लागतं.

संगणक वाढवले तर?

‘कोलंबियात संगणक कमी पडले असतील, प्रत्येक मुलाला एक द्या’ असं कोणी म्हणेल. हेही करून पाहिलेलं आहे. पेरू देशाने ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप दिले. ही यंत्रं नवी, खास मुलांसाठी बनवलेली होती. ज्युलियन क्रिस्टिया आणि सहकाऱ्यांनी तीनशेहून जास्त शाळांत अभ्यास केला. दर मुलामागे संगणकांचं प्रमाण ०.१२ होतं, ते १.१८ झालं. सुमारे पंधरा महिन्यांनंतर गणित आणि भाषेच्या गुणांत वाढ दिसली नाही. आकृतिबंध ओळखण्यासारख्या सर्वसाधारण बौद्धिक चाचण्यांत मात्र थोडी सुधारणा दिसली. संशोधकांनी फक्त शालेय गुण मोजले असते, तर हे दुसरं निष्कर्षात आलंच नसतं.

‘निदान नुकसान तर होत नाही ना?’ असाही प्रश्न येतो. होऊ शकतं. लिंडन यांनीच गुजरातमध्ये ज्ञानशाला या संस्थेच्या शाळांत एकच संगणक कार्यक्रम दोन प्रकारे राबवून पाहिला. शाळा सुटल्यावर जादा तास म्हणून दिला, तेव्हा मुलांना फायदा होण्याकडे कल होता, विशेषतः मागे पडलेल्या मुलांना. पण शिक्षकाच्या तासाऐवजी दिला, तेव्हा गुण ०.५७ प्रमाण विचलनाने घटले. कारण तिथलं शिकवणं आधीच चांगलं होतं आणि संगणकाने त्यातला वेळ खाल्ला. संगणक फुकट मिळतो, पण मुलाचा तास फुकट नसतो. म्हणून संगणक आल्यामुळे काय बंद पडलं, ही नोंद ठेवायला विसरू नका.

एकाच कार्यक्रमाची दोन उत्तरं

कोलंबियाची गोष्ट शून्यावर संपत नाही. २०११ मध्ये बोगोटातल्या आंदेस विद्यापीठाच्या संशोधकांनी याच कार्यक्रमाचं पुन्हा मूल्यमापन केलं आणि त्यांना फायदे दिसले. शाळा सोडणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी झालं, परीक्षेतली कामगिरी सुधारली, आणि जिथे शिक्षकांचं प्रशिक्षण झालं होतं तिथे फायदा जास्त होता.

मग खरं कोण? असं विचारण्याआधी दोन्ही अभ्यास शेजारी ठेवा. पहिल्यात चिठ्ठ्या टाकून वाटप, ९७ शाळा, दोन वर्षं आणि संशोधकांनी घेतलेल्या चाचण्या. दुसऱ्यात चिठ्ठ्या नाहीत. अनेक वर्षांची, कितीतरी जास्त शाळांची सरकारी माहिती, आणि शाळांमधले मूळचे फरक बाजूला काढण्यासाठी संख्याशास्त्रीय पद्धती. शिवाय मोजलेल्या गोष्टीही वेगळ्या. पहिल्याची कारणमीमांसा जास्त भक्कम. दुसऱ्याचा आवाका आणि काळ मोठा. शिक्षकांना संगणक रुळायला दोन वर्षांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी बरोबर असू शकतात. संदर्भ-साहित्याचा आढावा लिहिताना ‘अमुक यांच्या मते परिणाम होतो, तमुक यांच्या मते होत नाही’ असं लिहून सोडू नका. काय मोजलं, केव्हा मोजलं आणि कोणाशी तुलना केली, हे तीन रकाने करून लिहा. बरेचसे वाद त्या तक्त्यातच मिटतात.

फुकट संगणकाचा खर्च

एक गोष्ट राहिली. देणाऱ्याने पैसे घेतले नाहीत, म्हणजे खर्च शून्य होत नाही. डेटा पुसणं, दुरुस्ती, वाहतूक, सॉफ्टवेअर, वीज, प्रशिक्षण आणि शेवटी यंत्र निकामी झाल्यावर त्याची विल्हेवाट, हा सगळा खर्च कोणीतरी करतंच. जुनं यंत्र असल्यामुळे हा शेवटही लवकर येतो. कोलंबियाच्या कार्यक्रमाने पुढे निकामी यंत्रं परत घेऊन सुटी करण्याचं केंद्रही चालवलं. अशी सोय नसेल, तर दान म्हणून आलेलं यंत्र काही वर्षांत शाळेच्या कोपऱ्यातला ई-कचरा होतं.

हा प्रश्न आत्ता जास्तच ताजा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा मोफत आधार संपला आणि पुढची आवृत्ती कितीतरी चालू संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. अशी यंत्रं कार्यालयांतून बाहेर पडणार, त्यातली काही शाळांकडे जाणार. त्यांच्यावर लिनक्स घालून ती वर्षानुवर्षं चालवता येतात, पण ते घालणारा आणि सांभाळणारा माणूस लागतो. म्हणजे पुन्हा पाचवी कडी.

तुमच्या प्रस्तावासाठी

आता सुरुवातीचं शीर्षक पुन्हा लिहून बघू. ‘शाळांना मिळालेल्या संगणकांचा परिणाम’ याऐवजी असं : ‘दान मिळालेले संगणक आठवड्याला दोन तास जादा गणित-सरावासाठी वापरले, तर सहावीच्या मुलांच्या गणिताच्या गुणांत, संगणक नंतर मिळणार असलेल्या शाळांच्या तुलनेत, एका वर्षात आणि त्यानंतर आणखी एका वर्षाने किती फरक राहतो?’ वाक्य लांबलं, पण त्यात काय दिलं, कोणाला दिलं, कशाशी तुलना केली, काय आणि केव्हा मोजलं, हे सगळं आलं.

‘नंतर मिळणार असलेल्या शाळा’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. देणगीदाराकडे एका वर्षात पन्नासच संगणक असतील आणि मागणाऱ्या शाळा वीस असतील, तर पहिल्या दहा कोणत्या, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला बहुतेक वेळा शाळाही तयार होतात, कारण कोणाला कायमचं डावललं जात नाही. संशोधकाला तुलनेचा गट मिळतो. वीस शाळांवर मोठा निष्कर्ष काढता येणार नाही, हे वरच्या सूत्राने तुम्हालाच सांगितलं असेल. पण साखळी कुठे तुटते हे नीट बघण्यासाठी वीस शाळा पुष्कळ झाल्या.

त्यासाठी प्रत्येक कडीसमोर एक मोजमाप लिहा. चालू संगणक किती, हे शाळेत न सांगता जाऊन मोजा. वापर किती, हे शिक्षकांनाही विचारा, मुलांनाही विचारा आणि जमलं तर संगणकातल्या नोंदीवरून पडताळा. कोणता तास कमी झाला, ते वेळापत्रकावरून बघा. हे सगळं केल्यावर उत्तर शून्य आलं, तरी घाबरायचं कारण नाही. कोणती कडी तुटली हे तुम्हाला सांगता येईल, आणि पुढच्या वर्षी संगणक पाठवणाऱ्याला नेमकं तेच ऐकायचं असतं.